बाभळीच्या काट्याची सुई

विश्वास वझलवार यांना मी फार थोडे ओळखत होतो. हे आधीच सांगितलेले बरे. त्यांना किती भावंडे होती, ते मला माहीत नाही. ते देवळात जात की नाही, कोणाला मत देत, तरुणपणी कसे दिसत, यातले काहीच मी कधी विचारले नाही. मला ठाऊक होते ते एवढेच, की ते रेकॉर्ड वाजवायच्या सुया करत, आणि आपली सुई नीट वाजते की नाही हे त्यांना स्वतःला ऐकू येत नसे.

आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहा, असे ती स्मरणिका काढणाऱ्या सुचेताताईंनी सांगितले तेव्हा मी म्हणालो, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारे कोणीतरी असेलच. त्या म्हणाल्या, "शोधलं आम्ही. घरच्यांखेरीज कोणी नाही." म्हणून लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही.

वझलवारांचे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला आली, आणि फायलींबरोबर माणसेही इकडे आली. विश्वास तेव्हा शाळकरी होते. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते वाढले. कॉलेज अर्धवट सोडून जवाहर चौकातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसू लागले आणि तिथे सुया बदलायला शिकले. पुढे मंडीदीपला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी लागली. तिथे सारा जन्म ग्राइंडरवर हत्यारांना धार लावण्यात गेला. त्या आवाजाने कान गेले. पूर्ण गेले नाहीत. बोललेले कळे, भांडे पडलेले ऐकू येई. बारीक, टोकदार आवाज तेवढे गेले होते. कानात घालायचे यंत्र मुलीने आणून दिले होते, ते कपाटात असे. "त्यात फक्त फ्रिज ऐकू येतो," म्हणत.

आमची ओळख कॉलनीच्या मागच्या नाल्याजवळ झाली. मी सकाळी फिरायला निघालो होतो. एक उंच, वाकलेला माणूस बाभळीच्या फांदीला हात घालून उभा होता आणि कॉलनीचा चौकीदार त्याच्याशी हुज्जत घालत होता.

"अंकल, काँटों का क्या करोगे?"

"गाना सुनूँगा," तो माणूस म्हणाला.

चौकीदाराने माझ्याकडे पाहून कपाळाशी बोट फिरवले. मी हसलो नाही, कारण मला काय करावे ते सुचले नाही. त्या माणसाला बहुधा तेच आवडले असावे. तो म्हणाला, "तुमचे कान कसे आहेत जी?"

मी म्हणालो, "बरे असावेत."

"असावेत म्हणजे?"

"म्हणजे, आहेत. बहुतेक."

त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल होते. त्यावर घड्याळजींचे भिंग, पॉलिश पेपर चिकटवलेली एक छोटी चकती आणि वाळूने भरलेले डबे. वाळूत काटे पुरलेले होते. त्यांच्या पत्नी अलकावहिनींनी चहा आणला आणि म्हणाल्या, "बसण्याआधी खुर्चीवर हात फिरवून बघा. ह्यांच्या घरात कुठेही काटा निघतो. काल पोळपाटाखाली होता."

"तो माझा नव्हता," वझलवार म्हणाले.

"मग काय तो बाभळीवरून चालत आला?"

सुयांबद्दल मला जे थोडेफार कळले ते त्या खुर्चीवर बसून. जुन्या ग्रामोफोनला लोखंडी सुया लागत. छोट्या पत्र्याच्या डब्यांत मिळत. एका बाजूला एक सुई वापरायची आणि फेकून द्यायची, असा नियम डबीवरच छापलेला असे. जुन्या रेकॉर्डच्या लाखेत मुद्दाम दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. पहिल्या काही फेऱ्यांत ती भुकटी सुईचे टोक घासून रेघेच्या मापाचे करून घेई. रेकॉर्ड संपेपर्यंत टोकाला कडा येत. तीच सुई परत लावली, की त्या कडा रेघ खरवडू लागत.

"पण आपली माणसं चांगली सुई फेकतील का?" वझलवार म्हणाले. "माझी आई वापरलेल्या सुया हळदीकुंकवाच्या डबीत ठेवायची. पाहुणे आले की त्यातलीच लावायची. आपल्याकडच्या निम्म्या रेकॉर्डी अशा काटकसरीनं मेल्या."

पुढे नीलमण्याच्या सुया आल्या, मग हिऱ्याच्या. हल्ली काही तरुण मुले हौसेने नवे रेकॉर्ड-प्लेयर घेतात. त्यांच्या सुयांचे हिऱ्याचे टोक निखळले, की ती अरेरा कॉलनीतून शोधत येत. वझलवार तयार टोक मागवून भिंगाखाली बसवून देत. ते काम त्यांना येत होते, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. जीव काट्यात होता. लोखंड मिळेनासे झाले त्या काळात लोकांनी बांबूच्या, निवडुंगाच्या, बाभळीच्या सुया करून पाहिल्या होत्या. काटा मऊ असतो. झीज व्हायची ती त्याची होते, रेकॉर्डची नाही. आवाज थोडा दबका येतो, आणि कधी कधी गाणे संपायच्या आत टोक बसते. मग पुन्हा धार लावायची.

पावसाळा सरल्यावर ते मंडीदीपच्या बाजूच्या माळावर जाऊन काटे आणत. पांढरे, सरळ, जून काटे. ओल निघून जावी म्हणून कोरड्या वाळूत पुरत. मग चिमट्यात धरून, बोटांनी फिरवत फिरवत चकतीवर टोक काढत. टोक भिंगाखाली बघत, पुन्हा घासत. बरेच काटे या कामात चिरत. मग तयार सुई लावून एक जुनी नाट्यपदाची रेकॉर्ड वाजवत आणि माझ्या तोंडाकडे बघत.

"स आणि श वेगळे येतात का?"

"बहुतेक."

"बहुतेक काय जी? सुई काय बहुतेक असते?"

टोक वाकडे असले की गाण्यातले स, श, च हे सगळे एकसारखे फसफसतात. ते त्यांना ऐकू येत नसे, म्हणून मी. मला गाण्यातले काही कळत नाही, हे मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, "गाण्यातलं कळणारा नकोच. तो गाणंच ऐकत बसतो." असे आमचे काही वर्षे चालले. मी जाई, चहा होई, ते सुई लावत, मी हो किंवा नाही म्हणे. हळूहळू बहुतेक म्हणायचे मी कमी केले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नलिनीताई मोहरील एक रेकॉर्ड घेऊन आल्या. त्या आमच्याच कॉलनीत राहतात, ऐंशीच्या घरात आहेत, आणि मंडळात त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. बरोबर मुलगा जितेंद्र होता. रेकॉर्ड जुन्या रेशमी परकराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती.

नलिनीताईंचे लग्न नागपूरला झाले. त्यांच्या आत्याने स्वतः मंगलाष्टके रचली होती आणि तिनेच म्हटली. पण अंतरपाटामागे उभ्या असलेल्या मुलीला काय ऐकू येणार? बाहेर बँड, आत पोरे, डोळ्यांत अक्षता. लग्नानंतर एका हौशी काकांनी आत्याला दुकानात नेले. तिथे माणसाचा आवाज तबकडीवर भरून देत. अशी तबकडी एकच निघते, दुसरी प्रत नसते. ती त्यांनी नलिनीताईंना भोपाळला पाठवली. नलिनीताईंच्या यजमानांनी ती आल्यागेल्याला कौतुकाने ऐकवली.

"कोणत्या सुईनं?" वझलवारांनी विचारले.

"घरात होती त्या."

वझलवारांनी तबकडी उजेडात धरली. ती लाखेची नव्हती. पत्र्यावर मऊ काळा थर होता. एक बाजू राखाडी झाली होती. तिच्यावर आता नुसती खरखर होती, असे नलिनीताई म्हणाल्या. म्हणून दुसरी बाजू त्यांनी कधी लावूच दिली नाही. शेवटचे मंगलाष्टक त्या दुसऱ्या बाजूला होते.

"नातीचं लग्न आहे माघात," त्या म्हणाल्या. "शर्वरीचं. तिला हेच शेवटचं कडवं हवंय. मलाही. पण मला ते येत नाही, आणि आत्याचा कागद कधीच गेला. आता ते कोणालाच येत नाही. त्यात गाडीचं काहीतरी होतं, एवढं लग्नातलं आठवतं."

"आई, मंगलाष्टकात गाडी कुठून येईल?" जितेंद्र म्हणाला. "गंगा, सिंधू, सरस्वती असतात."

"गाडी होती. आगगाडी. मी सांगते ना."

जितेंद्र इंजिनियर आहे. त्याने मुंबईला कोणाला तरी विचारले होते. तिथे करून देतात, पण तबकडी कुरियरने पाठवावी लागणार होती. नलिनीताई त्याला तयार नव्हत्या.

वझलवारांनी तबकडी परत गुंडाळली. ते म्हणाले, "थर सुटायला आलाय. एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल असं मी सांगणार नाही. तुम्ही ते फोनवर भरून घ्या. आणि मला महिनाभर द्या."

तो महिना मी जवळजवळ रोज गेलो. त्यांनी एका जुन्या विजेच्या पिकअपच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या डोक्याच्या, तोंडात काटा बसेल असा पितळी चिमटा केला. मागच्या बाजूला शिसे बांधून पिकअपचा हात हलका केला. किती हलका, हे त्यांना अंदाजानेच कळत होते. जितेंद्र सोनाराकडचा छोटा वजनकाटा घेऊन आला आणि सुईखाली पडणारे वजन मोजून देऊ लागला. त्यांचे जमले. एकदा तर दोघे शिशाच्या तुकड्यावरून वाद घालत जेवायचे विसरले, तेव्हा अलकावहिनी म्हणाल्या, "आता तुम्हीच दोघं लग्न लावून टाका."

काट्यांचे मात्र जमत नव्हते. वझलवारांचा हात आता थोडा कापत असे. टोक येई, पण शेवटच्या फेरीला काटा चिरे. चिरलेला काटा डब्यात टाकून दुसरा घेत. एकदा मी घरी जायला उठलो तेव्हा म्हणाले, "देशकर साहेब, तुमचे कान अजून तसेच आहेत ना?"

मी खरे ते सांगितले. अलीकडे फोनची बारीक रिंग मला ऐकू येत नव्हती.

त्यांनी चकती पुसली. मग म्हणाले, "असू द्या. तुमचे कान आणि माझं भिंग मिळून एक माणूस होतो."

शेवटी तीन चांगले काटे निघाले. त्यातला एक नाट्यपदावर लावून पाहिला. वाजून झाल्यावर त्यांनी टोक भिंगाखाली धरले आणि मला दाखवले. दोन्ही बाजूंनी सारखे झिजले होते. म्हणजे सुई रेघेत सरळ बसली होती. यासाठी कान लागत नाहीत. मला ते पाहून बरे वाटले, माझे काम आता फारसे उरले नव्हते तरी.

ठरलेल्या दिवशी सकाळी नलिनीताईंच्या घरी सगळे जमले. नुसते घरचेच म्हटले होते, पण सोफा भरला आणि काही जण खाली सतरंजीवर बसले. शर्वरीने स्पीकरपुढे फोन ठेवला. वझलवारांनी तबकडी मऊ ब्रशने झाडली, काटा बसवला आणि सगळ्यांना सांगितले, "खिडक्या बंद. कोणी बोलायचं नाही. मला तुमची कुजबूज ऐकू येणार नाही, पण फोनला येईल."

त्यांनी पिकअपचा हात अलगद ठेवला. आधी पावसासारखी खरखर आली. मग त्यातून एका बाईचा आवाज निघाला, थोडा नाकातला, ठाम. नलिनीताईंनी डोळे मिटले. त्या बाजूचे पहिले कडवे नीट ऐकू आले. त्यात गंगा, सिंधू, सरस्वती होत्याच. जितेंद्रने आईकडे बघायचे टाळले. आत्याने शेवटचा चरण लांबवत "कुर्यात् सदा मंगलम्" म्हटले, मग "शुभमंगल", आणि खोलीतली यच्चयावत माणसे एका सुरात म्हणाली, "सावधान!"

कोणी ठरवून म्हटले नाही. जन्मभर ज्या जागी जे म्हटले तेच तोंडातून निघाले. मी कधी चारचौघांत आवाज काढत नाही, पण मीही म्हटले, आणि चांगले जोरात. एका बाईंनी हातात नसलेल्या अक्षता उडवल्या.

वझलवारांना गलका ऐकू आला असेल, पण शब्द कळला नसावा. त्यांना दिसले एवढेच, की सगळ्यांनी एकदम तोंडे उघडली. काहीतरी बिघडले असे समजून त्यांनी झटकन सुई उचलली.

"काय झालं? सुई रेघ कापतेय का?"

शर्वरीला हसू आवरेना. जितेंद्र त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला, "काका, सगळे सावधान म्हणाले!"

"का?"

"सवयीनं!"

वझलवार खाली बसले. ते नलिनीताईंना म्हणाले, "चूक माझी झाली. मी उचलायला नको होती. आता मधेच ठेवावी लागेल, आणि मधे ठेवताना थर उडू शकतो. तुमची तबकडी आहे. तुम्ही म्हणाल तसं."

नलिनीताई म्हणाल्या, "गाडी अजून आली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेवा," त्या मोठ्याने म्हणाल्या.

वझलवारांनी वापरलेला काटा काढला, भिंगाखाली पाहिला, मोडला आणि केराच्या डब्यात टाकला. नवीन बसवला. मग मला हाक मारली. म्हणाले, "तुम्ही ह्या लोकांकडे बघत बसा. कोणी तोंड उघडलं तर हात वर करू नका, त्याचं तोंड धरा." एवढ्या माणसांपुढे मला असे काम पूर्वी कोणी दिले नव्हते. तशी वेळ आली नाही. सगळ्यांनी आपापल्या तोंडावर हात ठेवले. नलिनीताईंनी पदर धरला.

त्यांनी दोन्ही कोपरे टेबलावर टेकवली, श्वास धरला आणि कडव्यांच्या मधल्या मोकळ्या रेघेपाशी काटा टेकवला. एक कट् आवाज आला. मग आत्याचा आवाज सुरू झाला, जिथून हवा होता तिथूनच.

बाळे, दूर तुझे जरी घर अता, गाडी असे रोजची
येताना मग दे न तार, न चिठी, ये तू मनाला जसे

जितेंद्रने तोंडावरचा हात काढला आणि परत ठेवला. पुढच्या चरणात, दारी वाट बघायला कोण असेल अशी शंका धरू नको, असे होते. शेवटी, तुझे ताट इथे कायम मांडलेले राहो, असे म्हणून आत्याने "कुर्यात् सदा मंगलम्" म्हटले. मग "शुभमंगल". आणि मग ती थांबली. लग्नात लोक म्हणतात तेवढ्या जागेपुरती ती रिकाम्या दुकानात थांबली असणार. आम्हीही कोणी काही बोललो नाही. तबकडी फिरत राहिली. मग नलिनीताई पदराआडून हळूच म्हणाल्या, "सावधान."

वझलवारांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी सुई उचलली. "गाडी होती?" त्यांनी विचारले.

"होती," मी म्हणालो. "रोजची."

शर्वरीने फोन तपासला. सगळे आले होते, पहिल्या कडव्यानंतरचा आमचा आरडाओरडाही. तबकडीवर जिथे काटा टेकला तिथे टाचणीच्या टोकाएवढा थर उडाला होता. वझलवारांनी तो नलिनीताईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. आता कोण लावतंय." आणि तबकडी परत परकराच्या तुकड्यात गुंडाळली. मग पोहे आले. वझलवार पोहे न खाता घरी गेले. हात कापत होते म्हणून गेले की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही. मी विचारले नाही.

लग्नाला ते आले नाहीत. गर्दीत त्यांना काही कळत नसे आणि न कळता हसत बसणे त्यांना जमत नसे. अलकावहिनी आल्या होत्या. शर्वरी लग्न होऊन पुण्याला गेली. भोपाळहून पुण्याला गाडी रोज आहे.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मला वझलवार भाजीच्या गाडीपाशी भेटले. हातात पिशवी होती. वांगी उलटसुलट करून बघत होते.

"कसं झालं लग्न?"

"चांगलं झालं."

"शेवटचं म्हटलं का?"

"म्हटलं. नलिनीताईंनीच म्हटलं."

"लोकांनी ऐकू दिलं?"

"छे. गाडी येताच सगळे हसले, आणि मग ओरडले. मीही ओरडलो."

"तुम्ही?" ते म्हणाले. "मग ऐकलं कोणी?"

"शर्वरीनं ऐकलं असावं. अंतरपाटामागून."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे नागपूरला निघणार होते, आठवडाभरासाठी. तिथेच झोपेत गेले, हे मला नंतर कळले. त्या वेळी आम्ही दोघेही भाजीकडे बघत होतो.

"जेवण कसं होतं?"

"मठ्ठा चांगला होता. जिलबी गार."

"बरं झालं मग, आलो नाही," ते म्हणाले. "वांगी नका घेऊ हो आज. आतून किडकी आहेत."

"बरं," मी म्हणालो.